नांगर टाकणे : पर्वतपायथ्याच्या उघड्या उपसागरात

शिडाची नौका धक्क्यापासून दूर, पाण्यात एका जागी रोखून धरण्यासाठी ती नांगर, साखळी व दोर यांच्या साहाय्याने समुद्रतळाशी जखडण्याच्या क्रियेस ‘नांगर टाकणे’ म्हणतात. बंदिस्त खाडीत किंवा लाटरोधक बांध असलेल्या बंदरात ही क्रिया सोपी असते. परंतु जो उपसागर एका किंवा अधिक दिशांनी खुल्या समुद्राला सामोरा आहे आणि ज्याच्या किनाऱ्यालगतच उंच पर्वत उभे आहेत, तेथे ती अवघड व प्रसंगी जिवावर बेतणारी ठरते. अशा उपसागरात नौकेवर दोन परस्परविरोधी संकटे येऊ शकतात. समुद्राकडून येणारा वारा व लाटा तिला किनाऱ्यावर आपटू पाहतात, तर पर्वतावरून उतरणारा वारा तिला नांगरासह खोल पाण्याकडे ओढून नेतो. एका संकटापासून वाचविणारी जागा दुसऱ्या संकटात घातक ठरू शकते, हे या विषयाचे मर्म होय.

मराठीत शेतकऱ्याच्या व दर्यावर्दीच्या साधनास ‘नांगर’ हा एकच शब्द रूढ आहे. दोन्ही साधने जमिनीत फाळ रुतवूनच काम करतात. फरक इतकाच, की शेतातील नांगर पुढे सरकत राहिला पाहिजे व समुद्रातील नांगर एकदा रुतल्यावर मुळीच सरकता कामा नये.

उपसागराचे स्वरूप : नांगर टाकण्याच्या दृष्टीने उपसागराची परीक्षा करताना प्रथम तो कोणत्या दिशांना उघडा आहे हे नकाशावर पाहतात. प्रचलित वाऱ्यापासून आडोसा मिळतो एवढ्यावर समाधान मानणे योग्य नसते. त्या ऋतूत वारा जास्तीत जास्त किती व कोणीकडे फिरू शकतो हे लक्षात घ्यावे लागते. भूशिरामागील शांत वाटणाऱ्या पाण्यातही दूरच्या वादळातून निघालेल्या लांब लाटा पोहोचतात. १२ सेकंद आवर्तकालाच्या अशा लाटेची खोल समुद्रातील लांबी सु. २२५ मी. असते आणि तिच्या निम्म्या खोलीपासून, म्हणजे सु. ११० मी. खोलीपासूनच, तिच्यावर तळाचा परिणाम होऊ लागतो. उथळ भागातील तिची गती मंदावते, त्यामुळे लाट वळते व भूशिराला वळसा घालून उपसागरात शिरते. म्हणून नकाशावर आडोशाची दिसणारी जागा प्रत्यक्षात हेलकाव्याची असू शकते.

लाट फुटण्याच्या पट्ट्यापासून नौका दूर ठेवणे अत्यावश्यक असते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सु. १·३ पट होते, त्या सुमारास लाट फुटते. त्यानुसार ३ मी. उंचीची लाट सु. ४ मी. खोलीवर फुटेल. आज शांत असलेल्या समुद्रात ४ मी. खोलीवर निर्धास्तपणे नांगर टाकणाऱ्यास उद्या तीच जागा फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात सापडू शकते. भरती-ओहोटीतील फरकही हिशेबात घ्यावा लागतो. उधाणाच्या ओहोटीला खोली सर्वांत कमी व भरतीला सर्वांत जास्त होते.

पर्वतावरून उतरणारे वारे : पर्वताच्या आडोशाला वारा कमी असतो, ही सर्वसाधारण समजूत अनेकदा चुकीची ठरते. पर्वतरांगेच्या पलीकडे थंड व जड हवा साचली, तर ती खिंडीतून व माथ्यावरून उतारावर येते. बांधावरून सांडणाऱ्या पाण्याप्रमाणे तिचा वेग पायथ्याशी सर्वांत जास्त असतो आणि त्यानंतर तिचा प्रवाह उसळून विस्कळीत होतो. त्यामुळे किनाऱ्यापासून काही किलोमीटर दूर असलेल्या नौकेपेक्षा पर्वताच्या अगदी जवळ नांगरलेल्या नौकेला अधिक जोराचे तडाखे बसू शकतात. हे वारे एकसारखे न वाहता झोतांनी येतात. दोन झोतांच्या मध्ये काही क्षण नि:शब्द शांतता असते आणि पुढचा झोत वेगळ्याच दिशेने येतो. नौका शांततेत पुढे सरकते, साखळी सैल पडते, मग पुढच्या झोताने ती आडवी होऊन मागे फेकली जाते व साखळीला झटका बसतो. वाऱ्याच्या सरासरी वेगापेक्षा हा झटकाच नांगर उखडण्यास अधिक कारणीभूत होतो.

ॲड्रिॲटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील ‘बोरा’ हा या वर्गातील सुप्रसिद्ध वारा होय. क्रोएशियातील व्हेलेबिट ही सु. १,७५७ मी. उंचीची रांग समुद्राला समांतर व अगदी लगत आहे. तिच्यावरून ईशान्येकडून उतरणाऱ्या बोराचे ताशी २०० किमी.पेक्षा अधिक वेगाचे झोत नोंदले गेले आहेत. समोरील पाग बेटाची पर्वताकडील बाजू या वाऱ्याने व त्यासोबत उडणाऱ्या खाऱ्या तुषारांनी जवळजवळ उघडीबोडकी झाली आहे. अनोळखी किनाऱ्यावर जाणाऱ्यास ही एक मोलाची खूण आहे. ज्या उतारावर झाडे वाढत नाहीत किंवा सर्व झाडे एकाच दिशेला झुकलेली आहेत, त्या उताराखाली रात्र काढणे शहाणपणाचे नसते. पर्वतमाथ्यावर टोपीसारखा चिकटून बसलेला ढग हीदेखील बोराची पूर्वसूचना समजली जाते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळील मॅगेलन सामुद्रधुनीतही असे आकस्मिक झोत येतात. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला दर्यावर्दी जॉशुआ स्लोकम (प्रदक्षिणा १८९५-९८) याला १८९६ मध्ये ‘स्प्रे’ या नौकेतून जाताना त्यांचा अनुभव आला आणि आपल्या प्रवासवृत्तात (१९००) त्याने तो नमूद केला आहे.

या तीव्र वाऱ्यांखेरीज पर्वतपायथ्याच्या किनाऱ्यावर दैनंदिन वाऱ्यांचाही फेरा असतो. दिवसा समुद्रावरून खारे वारे व रात्री जमिनीवरून मतलई वारे वाहतात. रात्री थंडावलेल्या उतारावरील हवा दरीतून खाली येत असल्याने मतलई वाऱ्याला अधिक जोर येतो. परिणामी संध्याकाळी किनाऱ्याकडे शेपूट करून उभी असलेली नौका मध्यरात्री पूर्ण फिरून समुद्राकडे शेपूट करते आणि नांगरावरील ओढीची दिशा उलटते. [⟶ वारे].

तळ व त्याचा उतार : नांगराची पकड तळाच्या प्रकारावर अवलंबून असते. घट्ट वाळू व चिकणमाती हे सर्वांत चांगले तळ होत. अतिमऊ चिखलात नांगर रुततो, परंतु भार वाढताच लोण्यातून सुरी निघावी तसा तो निघून येतो. गोट्यांच्या तळावर पकड बेभरवशाची असते. दाट समुद्रगवतावर नांगर वरच्यावर घसरतो किंवा गवताचा पुंजका घेऊन उपटला जातो. शिवाय भूमध्य समुद्रातील पॉसिडोनिया या समुद्रगवताची कुरणे नांगरामुळे नष्ट होत असल्याने तेथील अनेक ठिकाणी त्यांवर नांगर टाकण्यास निर्बंध आहेत. खडकात नांगर अडकतो, पण ती पकड नव्हे. ओढीची दिशा बदलली की तो सुटतो अथवा कायमचा अडकून बसतो. तळ ओळखण्यासाठी ओळंब्याच्या बुडाच्या खळग्यात चरबी भरून तो तळाला टेकवितात. चरबीला चिकटून आलेली वाळू, चिखल वा शिंपल्यांचा चुरा पाहून तळाचा प्रकार समजतो. विद्युत् खोलीमापके सर्वत्र झाल्यानंतरही ही जुनी पद्धत उपयुक्त आहे, कारण ते उपकरण खोली अचूक सांगते, पण नांगर कशात रुतणार हे खात्रीने सांगत नाही.

पर्वतपायथ्याच्या उपसागरात तळाचा उतार विशेष महत्त्वाचा असतो. डोंगराचा उतार पाण्याखालीही तसाच चालू राहतो आणि नांगर टाकण्यायोग्य पट्टा बऱ्याचदा अरुंद असतो. ओढ्याच्या मुखाशी गाळ साचून पंख्याच्या आकाराचा उथळ भाग तयार होतो. तो आकर्षक वाटतो, परंतु त्याची कड एकाएकी खोल होते. वारा समुद्राकडून असेल, तर नांगर चढाच्या दिशेने ओढला जातो व त्याची पकड वाढते. वारा पर्वताकडून असेल, तर तो उताराच्या दिशेने ओढला जातो. थोडा जरी सरकला तरी पाणी खोल होते, साखळी अपुरी पडते, तिचा तळाशी होणारा कोन वाढतो आणि नांगर आणखी सरकतो. कड ओलांडल्यावर नांगर पाण्यात लोंबकळू लागतो व नौका नि:सहायपणे समुद्रात वाहत जाते. झोपलेल्या खलाशांना याची जाणीवही होत नाही, कारण वाहत्या नौकेवर झटके बसत नाहीत.

नांगर व साखळी : आडव्या दांड्याचा जुना नांगर खडक व गवत यांत आजही उपयोगी पडतो, परंतु लहान नौकांवर तो आता क्वचितच प्रमुख नांगर म्हणून असतो. ब्रिटिश पदार्थविज्ञ जेफ्री इंग्रॅम टेलर यांनी १९३३ मध्ये शेतनांगराच्या फाळासारख्या आकाराचा नांगर शोधून काढला. वजनाच्या मानाने त्याची पकड पूर्वीच्या नांगरांहून पुष्कळ जास्त होती. १९४० च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड डॅनफर्थ यांनी दोन सपाट, हलत्या पात्यांचा नांगर तयार केला. वाळूत त्याची पकड उत्कृष्ट असते, परंतु ओढीची दिशा उलटली तर तो निघून येतो व पात्यांत दगड वा साखळी अडकल्यास पुन्हा रुतत नाही. दिशा बदलणाऱ्या वाऱ्यात त्याच्यावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे असते. १९९० नंतर प्रचारात आलेले अंतर्गोल पात्याचे, टोकाशी जड असलेले नांगर लवकर रुततात व दिशा बदलल्यावर पुन्हा पकड घेण्यात सामान्यतः सरस ठरतात.

नांगर कोणताही असला, तरी त्यावरील ओढ तळाशी शक्य तितकी समांतर राहिली पाहिजे. हे काम साखळी करते. स्वतःच्या वजनाने ती झोळासारखी लोंबते, तिचा तळावर पडलेला भाग नांगराचा दांडा खाली धरून ठेवतो व लहान झटके ती शोषून घेते. खडकाच्या घर्षणातही ती टिकते. पण भार वाढला, की झोळ नाहीसा होतो आणि साखळी जवळजवळ ताठ होते. त्यानंतर तिच्यात कोणतीच लवचिकता उरत नाही. म्हणून साखळीच्या वरच्या टोकाला नायलॉनच्या दोराचा ५ ते १० मी. लांबीचा तुकडा जोडून भार त्याच्यावर घेतात. नायलॉन ताणले जाऊन झटका सौम्य करते. हा दोर नौकेच्या नाळेवर जेथे घासतो तेथे जाड कापड वा रबरी नळी गुंडाळावी लागते, अन्यथा एका वादळी रात्रीत तो कापला जातो.

साखळीची लांबी : पाण्याच्या खोलीशी साखळीच्या लांबीचे जे गुणोत्तर, त्यावर नांगराची पकड मुख्यतः अवलंबून असते. येथे खोली म्हणजे केवळ पाण्याची नव्हे, तर नाळेची पाण्यावरील उंची व अपेक्षित भरती तीत मिळवावी लागते. उदा., ओहोटीला ६ मी. पाणी, भरतीचा चढ २ मी. व नाळेची उंची १ मी. असल्यास हिशेबाची खोली ९ मी. होते. चांगल्या हवेत पाचपट, म्हणजे ४५ मी. आणि वादळी हवेत सातपट, म्हणजे ६३ मी. साखळी सोडतात. साखळीऐवजी मुख्यतः दोर असल्यास गुणोत्तर आणखी वाढवावे लागते.

हा ठोकताळा असून त्यामागील यांत्रिकी ध्यानात घेणे उपयुक्त आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एखाद्या नौकेचे वाऱ्याला अडविणारे परिणामी क्षेत्रफळ १० चौ. मी. मानल्यास, सेकंदाला १० मी. वेगाच्या वाऱ्यात तिच्यावर सु. ६० किग्रॅ. वजनाइतका, २० मी. वेगात सु. २४० किग्रॅ. व ३० मी. वेगात सु. ५४० किग्रॅ. जोर पडतो. नौका आडवी झाली, तर क्षेत्रफळ व त्यासोबत जोरही वाढतो. लाटांचे झटके त्याहून निराळे. नांगरापाशी साखळी तळाला समांतर राहण्यासाठी लागणारी किमान लांबी काढण्याची रीत अशी : खोलीचा वर्ग करावा, खोलीची दुप्पट गुणिले ओढ भागिले साखळीचे पाण्यातील प्रतिमीटर वजन, ही संख्या त्यात मिळवावी, आणि बेरजेचे वर्गमूळ घ्यावे. १० मिमी. जाडीच्या साखळीचे पाण्यातील वजन दर मीटरला सु. २ किग्रॅ. धरल्यास ४०० किग्रॅ. ओढीला ४ मी. खोलीत सु. ४० मी., ८ मी. खोलीत सु. ५७ मी. व २० मी. खोलीत सु. ९२ मी. साखळी लागते. म्हणजे गुणोत्तरे अनुक्रमे १०, ७ व ४·६ येतात. यावरून दिसते, की उथळ पाण्यात ठरावीक पाचपट साखळीवर विसंबणे फसवे असते आणि साखळी पुरेशी असल्यास थोड्या अधिक खोल पाण्यात राहणे तितकेसे धोक्याचे नसते. उथळ पाण्यात सुरक्षित वाटणे हे बहुधा मनाचे समाधान असते.

नांगर टाकण्याची रीत : जागा निश्चित करण्यापूर्वी तिच्याभोवती सावकाश एक फेरी घेऊन खोली मोजतात. नौका नांगराभोवती ज्या वर्तुळात फिरेल, त्याची त्रिज्या साखळीची आडवी लांबी अधिक नौकेची लांबी एवढी असते. वरील उदाहरणातील ४५ मी. साखळी व १० मी. लांबीची नौका असल्यास ती सु. ५४ मी. येते. या संपूर्ण वर्तुळात, ओहोटीच्या वेळीही, पुरेसे पाणी असले पाहिजे व दुसरी नौका त्यात येता कामा नये. दोरावर नांगरलेली नौका साखळीवरील नौकेपेक्षा वेगळ्या तऱ्हेने फिरते, हेही लक्षात ठेवावे लागते.

नौका वाऱ्याच्या दिशेला नाळ करून आणतात व ती थांबून मागे सरू लागली, की नांगर तळाला टेकेपर्यंत हळूहळू सोडतात. नांगर व साखळी एकाच जागी ढिगासारखी ओतली, तर साखळी पात्यांत गुंतते. म्हणून नौका मागे जाईल तसतशी साखळी तळावर पसरवीत नेतात. तिपटीइतकी लांबी सुटल्यावर ती क्षणभर अडवून नांगर रुतू देतात व नंतर उरलेली सोडतात. शेवटी यंत्र असल्यास ते उलटे चालवून, प्रथम मंद व मग वाढत्या जोराने, नांगर ताणून पाहतात. यंत्र नसल्यास शीड उलट्या बाजूने वाऱ्यात धरून तोच परिणाम साधतात. या वेळी साखळीला हात लावून पाहिल्यास घसरणाऱ्या नांगराची थरथर स्पष्ट जाणवते. किनाऱ्यावरील दोन ठळक खुणा, उदा., एक झाड व त्यामागील सुळका, एका रेषेत धरून नौका सरकते आहे का हे पाहतात. नांगर एकदा रुतला नाही, तर तो उचलून पुन्हा टाकावा. आणखी साखळी सोडून अर्धवट रुतलेल्या नांगराची भरपाई करणे ही नेहमीची व महागात पडणारी चूक होय. पाणी स्वच्छ असल्यास बुडी मारून नांगर डोळ्यांनी पाहणे सर्वांत खात्रीचे.

दोन नांगर : जोराचा वारा एका ज्ञात दिशेने अपेक्षित असल्यास दोन नांगर नाळेपासून ३० ते ६० अंशांच्या कोनात टाकतात. भार विभागला जातो व नौकेचे डावीकडे-उजवीकडे झोके घेणे कमी होते. परंतु वारा पूर्ण फिरल्यास दोन साखळ्यांना पीळ पडतो आणि घाईने निघणे अशक्य होते. अरुंद व उतरत्या तळाच्या जागी नांगर खोल बाजूला टाकून नौकेचे शेपूट दोराने किनाऱ्यावरील खडकाला वा झाडाला बांधतात. त्यामुळे नांगर नेहमी चढाच्या दिशेने ओढला जातो आणि नौका किनाऱ्यालगतच्या तुलनेने शांत हवेत राहते. ॲड्रिॲटिक किनाऱ्यावर व दक्षिण चिलीच्या खाड्यांत ही पद्धत रूढ आहे. मात्र समुद्राकडून लाट येण्याची शक्यता असेल, तेथे ती वापरू नये. शेपटाकडील डोलकाठीवर लहानसे शीड ताणून ठेवल्यास नौका वाऱ्याला तोंड करून स्थिर राहते.

पहारा व निघण्याची तयारी : १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नांगरलेल्या नौकेने रात्री सर्व दिशांनी दिसणारा पांढरा दिवा व दिवसा पुढील भागात काळा गोळा लावावयाचा असतो. अतिलहान नौकांना रहदारीच्या मार्गापासून दूर असल्यास यातून सूट आहे. वारा वाढल्यावर पाळीपाळीने पहारा ठेवतात. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीमुळे नौका ठरावीक वर्तुळाबाहेर जाताच इशारा देणारी उपकरणे आता सर्वत्र उपलब्ध आहेत, परंतु ती नांगर सरकल्यानंतरच बोलतात. आकाश व वायुभारमापक त्यापूर्वी बोलतात.

उघड्या उपसागरात रात्रीपुरता मुक्काम करतानाही निघण्याची तयारी आधी करावी लागते. बाहेर पडण्याची दिशा होकायंत्रावर पाहून लिहून ठेवतात, शिडे लहान करून बांधतात, होडी वर घेतात व डेकवरील सैल सामान बांधून ठेवतात. साखळीचे आतले टोक नौकेला बोल्टने न जोडता डेकपर्यंत पोहोचेल अशा दोराने बांधतात. संकटात नांगर उचलण्यास वेळ नसल्यास त्या टोकाला तरंगता पिंप बांधून दोर कापता येतो व नांगर मागे सोडून नौका समुद्रात काढता येते. नांगर मौल्यवान असतो, पण तो नौकेहून मौल्यवान नसतो. वारा किनाऱ्याकडे वळू लागला व वायुभार झपाट्याने उतरू लागला, की अंधार पडण्यापूर्वी खुल्या समुद्रात जाणे हाच बहुधा सुरक्षित मार्ग असतो. जमिनीच्या सान्निध्याने वाटणारा दिलासा सोडून खवळलेल्या समुद्राकडे जाण्यास मन तयार होत नाही आणि निर्णय लांबतो. लाटा फुटू लागल्यावर निघणे बहुधा शक्य होत नाही.

काही ऐतिहासिक उदाहरणे : दक्षिण आफ्रिकेतील टेबल उपसागर हे या विषयाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण आहे. यान व्हान रिबेक यांनी ६ एप्रिल १६५२ रोजी तेथे डच ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे वसविण्यास प्रारंभ केला आणि यूरोप व हिंदुस्थान यांमधील जहाजांचा तो प्रमुख विसावा झाला. उपसागरामागे सु. १,०८६ मी. उंचीचा टेबल पर्वत उभा आहे. उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा त्याच्या सपाट माथ्यावर ढगांची चादर पसरवून खाली कोसळतो आणि जहाजांना समुद्राकडे ढकलतो. हिवाळ्यात वायव्येची वादळे थेट उपसागराच्या उघड्या मुखातून येतात आणि जहाजांना किनाऱ्यावर लोटतात. त्या काळी नांगरांना वाखाचे जाड दोर असत व ते तळावर घासून तुटत. १७२२ व १७३७ च्या हिवाळी वादळांत कंपनीची अनेक जहाजे नष्ट होऊन शेकडो माणसे मेली. त्यानंतर हिवाळ्यात जहाजांनी दक्षिणेकडील सायमन्स उपसागरात जावे असे ठरले, तरी टेबल उपसागरातील वावर थांबला नाही. १ जून १७७३ रोजी ‘डी याँग टॉमस’ हे जहाज नांगर तुटून किनाऱ्यालगत फुटले. व्होल्राड व्होल्टेमाडे नावाच्या वृद्ध वसाहतकऱ्याने घोड्यावर बसून पुनःपुन्हा लाटांत शिरून चौदा जणांना बाहेर काढले. अखेरच्या खेपेस भयग्रस्त खलाशांनी एकदम घोड्याला धरल्याने घोडा व स्वार दोघेही बुडाले. १७ मे १८६५ च्या वादळात डझनाहून अधिक जहाजे किनाऱ्यावर फेकली गेली. ‘अथेन्स’ ही टपाल आगबोट साखळ्या तुटल्यावर समुद्रात निसटण्याचा प्रयत्न करीत असता खडकांवर आदळून तीवरील सर्व लोक मृत्यू पावले. लाटरोधक बांधाचे काम १७ सप्टेंबर १८६० रोजीच सुरू झाले होते. आल्फ्रेड गोदी १८७० मध्ये खुली झाली आणि जहाजांना उघड्यावर नांगर टाकून वादळ काढण्याची गरज हळूहळू संपली. गोव्यात बांधलेली भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची नौका कमांडर दिलीप दोंदे यांच्या २००९-१० मधील एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेत केप टाउनला थांबली, ती अर्थात बांधाच्या आतील सुरक्षित बंदरात.

अलीकडील उदाहरण मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या टोकावरील काबो सान लूकास येथील आहे. येथील तळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल होतो. त्यामुळे डिसेंबर १९८२ मध्ये अनेक क्रीडानौका पुळणीजवळ एकमेकींना खेटून, आखूड साखळ्यांवर नांगरलेल्या होत्या. त्या महिन्याच्या ७-८ तारखांच्या रात्री समुद्राकडून अनपेक्षित वादळ आले. एका नौकेचा नांगर सुटला, की ती दुसरीच्या साखळीवर जाऊन तिलाही सोबत घेई. पंचवीसहून अधिक नौका पुळणीवर आपटल्या. प्रसिद्ध फ्रेंच दर्यावर्दी बेर्नार म्वातेस्ये यांची ‘जॉशुआ’ ही नौका त्यांपैकी एक होती. केप हॉर्न व दक्षिण महासागर पार केलेल्या नौकेवर व कसलेल्या दर्यावर्दीवर ही पाळी यावी, यातच या जागांचे स्वरूप स्पष्ट होते.

कोकण किनारा : सह्याद्रीची मुख्य रांग कोकण किनाऱ्यापासून बरीच आत असल्याने बोरासारखे वारे येथे समुद्रापर्यंत पोहोचत नाहीत. तथापि डोंगरांचे फाटे भूशिरांच्या रूपाने समुद्रात घुसलेले असून त्यांमधील बहुतेक उपसागर पश्चिमेस व नैर्ऋत्येस, म्हणजे पावसाळी वाऱ्यांच्या दिशेला, उघडे आहेत. म्हणून येथील परंपरा नांगरापेक्षा ऋतूवर विसंबते. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात व नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटतात. अवेळी वादळ आल्यास जयगड, विजयदुर्ग, देवगड यांसारख्या खाड्यांचा व आत वळलेल्या बंदरांचा आश्रय घेतात. मात्र आडोसा म्हणजे अभय नव्हे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात देवगडजवळील आनंदवाडी येथे नांगरलेल्या मच्छीमार नौका बुडून खलाशांना प्राणास मुकावे लागले.

सारांश, उघड्या पर्वतपायथ्याच्या उपसागरात नांगर हा केवळ मुदत मिळवून देणारा असतो. चांगला नांगर, पुरेशी साखळी व रुतवण्याची काळजी यांनी ती मुदत वाढते. ती केव्हा संपत आली हे ओळखण्यासाठी माथ्यावरचा ढग, वायुभारमापक आणि लाटांची बदलती दिशा यांकडे नौकेवरील माणसानेच लक्ष ठेवावे लागते.